अर्जातील ओळ आणि मोकळी जागा

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्याला लागून असलेला मावळ तालुका पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ अशा तीन भागांनी परंपरेने ओळखला जातो. या भागांतील वाड्यावस्त्यांवरील शेतकऱ्याला एखादा दाखला हवा असला किंवा सातबाऱ्यावर वारसाची नोंद करावयाची असली, तर वडगावच्या तालुका कचेरीची वाट धरण्यावाचून पूर्वी गत्यंतर नसे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये अमलात आला. ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून अर्ज स्वीकारले जाऊ लागले, फेरफाराच्या अर्जांसाठी ई-हक्क प्रणाली आली आणि २०२१ पासून पिकांची नोंदही शेतकऱ्याच्या हातातील भ्रमणध्वनीवरून होऊ लागली. कागदाचा अर्ज मागे पडला आणि त्याच्या जागी पडद्यावरील चौकट आली.

कागदावर अर्जदाराने जे लिहिले, तेच अधिकाऱ्याच्या हाती पडत असे. चौकटीतील मजकुराचे तसे नाही. तो न्याहाळकातून निघतो, संदेशवाहिन्यांतून सर्व्हरकडे जातो, तेथील कोठारात साठविला जातो, पुन्हा दुसऱ्या पडद्यावर उमटतो आणि बहुधा एखाद्या तक्त्यातही उतरतो. या प्रवासात अक्षरे सहसा सुखरूप पोहोचतात. बिघडते ते डोळ्यांना न दिसणारे: दोन शब्दांमधील जागा, ओळीचा शेवट आणि परिच्छेदाची मोकळीक. ही बाब वरकरणी क्षुल्लक वाटते. परंतु तिच्यामुळे गट क्रमांक बदलू शकतो, एका लाभार्थीचे दोन लाभार्थी होऊ शकतात आणि खऱ्या वारसाचे नाव ‘जुळत नाही’ म्हणून परत येऊ शकते. म्हणूनच प्रणाली आखणारे अधिकारी, सेवा केंद्रचालक, शिक्षक आणि पंचायत सदस्य या सर्वांनीच हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

खडकापासून चौकटीपर्यंत

लोणावळ्याजवळील कार्ल्याच्या चैत्यगृहात ब्राह्मी लिपीतील अनेक लेख कोरलेले आहेत. त्यांपैकी एकात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव भिक्षुसंघाला दान दिल्याची नोंद आहे. सत्तांतरानंतर सातवाहनांच्या आज्ञेने त्याच गावाचे दान पुन्हा कायम करण्यात आले. ती आज्ञा मामाल येथील अमात्याला उद्देशून आहे आणि मामाल म्हणजेच आजचे मावळ, असे अभ्यासक मानतात. म्हणजे मावळातील जमिनीचा एक प्रकारचा फेरफारच सुमारे १,९०० वर्षांपासून खडकावर उभा आहे. ब्राह्मी लेखांत शब्द सुटे करून लिहिण्याची रीत सर्वसाधारणपणे नव्हती. अक्षरामागून अक्षर सलग कोरले जाई आणि शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने ठरवावयाचे असे.

मोडी लिपीतील दप्तरांची स्थिती फारशी निराळी नव्हती. लेखक प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढी आणि मग तिच्याखाली झरझर अक्षरे लिहीत जाई. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. ‘दोनशेते’ एवढीच अक्षरे समोर आली, तर ती ‘दोन शेते’ आहेत की ‘दोनशे ते’, हे मागचापुढचा संदर्भ पाहून ठरवावे लागे. जाणता कारकून ते बिनचूक ठरवीत असे, कारण त्याला गाव ठाऊक असे, माणसे ठाऊक असत आणि लिहिण्याची वहिवाटही ठाऊक असे.

एकोणिसाव्या शतकात छपाई रुळली, बाळबोध लिपीचा प्रसार झाला आणि शब्द तोडून लिहिण्याची पद्धत पक्की झाली. मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून विरामचिन्हेही मराठीत स्थिरावली. जे काम पूर्वी वाचणाऱ्याची बुद्धी करीत होती, ते आता कागदावरील मोकळ्या जागेकडे आले. संगणकाच्या बाबतीत तर या जागेवाचून दुसरा आधारच नाही. त्याला गाव ठाऊक नसते आणि माणसेही ठाऊक नसतात. त्याच्यासमोर जी चिन्हे येतात, तेवढीच त्याला दिसतात.

यंत्राला ओळ कशी कळते

संगणकाच्या दृष्टीने मोकळी जागा म्हणजे ‘काही नसणे’ नव्हे. ते एक स्वतंत्र चिन्ह आहे आणि ‘क’ किंवा ‘५’ यांप्रमाणे त्यालाही क्रमांक आहे. साध्या जागेचा क्रमांक ३२. टॅब कळीने पडणाऱ्या लांब जागेचा ९. ओळ संपल्याची खूण मात्र एक नसून दोन आहेत, १३ आणि १०.

या दोन खुणांचे मूळ जुन्या टंकयंत्रात आहे. कचेरीतील टंकलेखक ओळ संपताच डावीकडचा दांडा ओढी. त्या एका हालचालीत दोन कामे होत: कागद वर सरके आणि अक्षरांची गाडी पुन्हा ओळीच्या आरंभी येई. दूरमुद्रक यंत्रांत या दोन कामांसाठी दोन निरनिराळे संकेत पाठविले जात. अमेरिकेत १९६३ मध्ये अक्षरांची प्रमाण क्रमावली प्रसिद्ध झाली, तेव्हा ते दोन्ही संकेत तिच्यात समाविष्ट झाले. ‘गाडी आरंभी आणा’ याला १३ आणि ‘कागद सरकवा’ याला १० हे क्रमांक मिळाले. पुढे युनिक्स पद्धतीच्या संगणकांनी केवळ १० ही खूण पुरेशी मानली, तर विंडोज प्रणालीने १३ आणि १० ही जोडी कायम ठेवली. गाडी असलेली यंत्रे कचेऱ्यांतून गेली, पण त्यांच्या दोन आज्ञा प्रत्येक अर्जात अजूनही वावरत आहेत.

वेब अर्जात बहुओळी चौकटीत एंटर कळ दाबली की न्याहाळक ती ओळतोड स्वतःजवळ एकच चिन्ह म्हणून ठेवतो. मात्र अर्ज पाठविताना तीच ओळतोड १३ आणि १० अशा जोडीच्या रूपात जाते. एका ओळीच्या चौकटीत ओळतोडीला स्थानच नसते. दुसरीकडून आणून चिकटविलेल्या मजकुरातील ओळतोड तेथे कधी साध्या जागेत बदलते, तर कधी नाहीशी होते.

मजकूर कोठे बिघडतो

समजा, आंदर मावळातील एका शेतकऱ्याने अतिवृष्टीच्या नुकसानीचा अर्ज भरला. त्याने मुद्दे एकाखाली एक मांडले. पहिल्या मुद्द्यात भातखाचराचा बांध फुटल्याचे लिहून शेवटी ‘गट क्रमांक ११’ असा उल्लेख केला. पुढच्या ओळीचा आरंभ ‘२) गोठ्याची भिंत पडली’ असा केला. एखाद्या प्रणालीने ‘अनावश्यक चिन्हे’ काढताना ओळतोड पुसली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही, तर अधिकाऱ्यापुढे ‘गट क्रमांक ११२) गोठ्याची भिंत पडली’ असा मजकूर येतो. एकही अक्षर गळालेले नाही, एकही अंक बदललेला नाही, तरीही नुकसान अकरा क्रमांकाच्या गटातून एकशे बारा क्रमांकाच्या गटात गेले. पंचनाम्यास निघालेला कर्मचारी भलत्याच बांधावर जाऊन उभा राहील आणि अर्जदाराला आपली चूक काय, हे कधी कळणारही नाही.

पत्त्याच्या बाबतीतही तेच घडते. ‘तुंगार्ली’, ‘लोणावळा’, ‘तालुका मावळ’ अशा तीन ओळींत लिहिलेला पत्ता ओळतोड गाळल्यास ‘तुंगार्लीलोणावळातालुका मावळ’ असा होतो. ओळतोड काढावयाचीच असेल, तर तिच्या जागी मोकळी जागा किंवा स्वल्पविराम ठेवणे हा किमान नियम आहे.

दुसरा प्रकार मजकूर दाखविण्याशी निगडित आहे. संकेतस्थळाच्या पानावर कितीही जागा किंवा ओळतोडी ओळीने आल्या, तरी न्याहाळक त्या सर्वांची मिळून एकच जागा दाखवितो. पान मांडणाऱ्याच्या सोयीसाठी हा नियम करण्यात आला आहे. त्याचा परिणाम असा की, अर्जदाराने पाच परिच्छेदांत नेटकी मांडलेली तक्रार कोठारात जशीच्या तशी असूनही अधिकाऱ्याच्या पडद्यावर सलग ठोकळ्यासारखी दिसते. मागणी कोठे संपली आणि कारणे कोठे सुरू झाली, हे समजत नाही. मजकूर हरवलेला नसतो, त्याची मांडणी हरवलेली असते. पानाच्या शैलीत ‘व्हाइट-स्पेस’ या गुणधर्मास ‘प्री-रॅप’ हे मूल्य दिले, की ओळी मूळच्या ठिकाणी परत येतात. हा एका ओळीचा उपाय आहे.

तिसरा प्रकार तक्त्यांचा. तालुक्याकडून जिल्ह्याकडे जाणाऱ्या याद्या पुष्कळदा साध्या मजकुराच्या धारिकेतून जातात. तिच्यात स्वल्पविराम म्हणजे रकान्याची सीमा आणि ओळतोड म्हणजे नव्या नोंदीचा आरंभ. एखाद्या लाभार्थीच्या पत्त्यातच ओळतोड असली आणि तो रकाना अवतरणचिन्हांत बंदिस्त केलेला नसला, तर पत्त्याची दुसरी ओळ नवा लाभार्थी म्हणून उभी राहते. शंभर नावांची यादी एकशे सात ओळींची होते. यादी पाठविताना व स्वीकारताना नोंदींची संख्या ताडून पाहिली, तर हा दोष तेथल्या तेथे पकडता येतो.

नाव आणि गाव

सर्वाधिक मनस्ताप होतो तो नावांच्या जुळणीत. नावाच्या आधी चुकून एक जागा पडली, तर क्रमवारीत ते नाव ‘अ’च्याही वर, यादीच्या माथ्यावर जाऊन बसते, कारण ३२ हा क्रमांक सर्व अक्षरांच्या आधी येतो. नाव आणि आडनाव यांच्यात दोन जागा पडल्या, तर माणसाच्या डोळ्यास फरक जाणवत नाही, पण संगणकाच्या लेखी ती दुसरी व्यक्ती ठरते. टंकलेखन प्रणालीतून किंवा संकेतस्थळावरून मजकूर उचलून चिकटविला, तर साध्या जागेऐवजी १६० क्रमांकाची ‘न तुटणारी’ जागा येऊ शकते. दिसावयास ती तंतोतंत साध्या जागेसारखी, परंतु तुलनेत वेगळी. चौकट केवळ जागांनी भरली, तर अनिवार्य रकानाही ‘भरलेला’ ठरतो, हा आणखी एक दोष.

गावांच्या नावांतही हा घोळ संभवतो. ‘टाकवे बुद्रुक’, ‘टाकवेबुद्रुक’, ‘टाकवे बु.’ आणि मध्ये दोन जागा असलेले ‘टाकवे बुद्रुक’ ही ग्रामस्थाला एका गावाची नावे आहेत, पण संगणकाला ती चार गावे वाटतात. गावाचे नाव लिहावयास न लावता यादीतून निवडावयास देणे आणि केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक त्याच्याशी जोडणे, हा यावरील खात्रीचा उपाय होय. ‘१२३/२अ’ आणि ‘१२३ / २ अ’ हे हिस्सेही तुलना करण्यापूर्वी एका साच्यात आणले पाहिजेत.

चुकीची नोंद अभिलेखात एकदा शिरली, की ती काढणे सोपे नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ नुसार लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. परंतु त्यासाठी अर्ज, चौकशी आणि आदेश हे टप्पे आलेच. एका मोकळ्या जागेपायी एका शेतकऱ्याचे हेलपाटे सुरू होतात.

दऱ्या आणि दर्या

एवढे वाचून कोणी म्हणेल की, न दिसणारी सारी चिन्हे सरसकट पुसून टाकावीत. मराठीत हा उपाय रोगापेक्षा भयंकर ठरू शकतो. मावळात ‘दऱ्या’ आहेत, ‘दर्या’ तेथून घाट उतरून गेल्यावर लागतो. हा अर्थभेद आडव्या रकारावर म्हणजे ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांतील फरकावर अवलंबून आहे. ‘आचाऱ्यांना’ मानधन आणि ‘आचार्यांना’ मानधन या दोन आदेशांतील अंतर शालेय पोषण आहार पाहणाऱ्या शिक्षकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

युनिकोड पद्धतीत हा ‘ऱ्य’ दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या रीतीत साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे ‘शून्य रुंदीचे जोडचिन्ह’ ठेवतात. हे जोडचिन्ह पडद्यावर दिसत नाही, जागाही व्यापत नाही. इंग्रजी मजकुरासाठी तयार केलेली स्वच्छतेची पद्धत त्यास निरुपयोगी समजून काढून टाकते आणि त्याच क्षणी दऱ्यांचा दर्या होतो. शिवाय एकच आडनाव एका ठिकाणी पहिल्या रीतीने आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या रीतीने लिहिलेले असेल, तर शोध घेताना ते सापडत नाही. दुसऱ्या रीतीचा मजकूर आधी पहिल्या रीतीत बदलावा आणि त्यानंतरच उरलेल्या अदृश्य चिन्हांचा विचार करावा, हा क्रम सांभाळणे आवश्यक आहे.

अक्षरांची मर्यादा

अनेक अर्जांत ‘कमाल ५०० अक्षरे’ अशी सूचना असते. अक्षर कशास म्हणावयाचे, हे मात्र तेथे स्पष्ट केलेले नसते. ‘लोणावळा’ हा शब्द उच्चारात चार अक्षरांचा आहे. युनिकोडच्या हिशेबाने त्यात मात्रा व काने धरून सात चिन्हे आहेत. प्रचलित यूटीएफ-८ साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागत असल्याने तोच शब्द २१ बाइटचा होतो. कोठाराची मर्यादा ५०० बाइटची असेल, तर मराठी अर्जदारास प्रत्यक्षात १६६ चिन्हेच मिळतात. त्यात ओळतोडींची भर पडते. पडद्यावर एक मोजलेली ओळतोड पाठविताना दोन चिन्हांची होते. त्यामुळे दहा ओळतोडी असलेला, १,००० चिन्हांच्या मर्यादेत बरोबर बसलेला अर्ज सर्व्हरवर १,०१० चिन्हांचा भरतो आणि नाकारला जातो किंवा त्याचा शेवट कापला जातो. अर्जाच्या शेवटी बहुधा मागणी असते, हे लक्षात घेतले म्हणजे या दहा चिन्हांचे महत्त्व ध्यानी येईल. पडदा, सर्व्हर आणि कोठार या तिन्ही ठिकाणी मोजण्याची रीत एकच असावी.

प्रणाली कशी असावी

या सर्वांतून निघणारे सूत्र साधे आहे. अर्जदाराने जे लिहिले ते जसेच्या तसे जतन करावे. तुलनेसाठी, शोधासाठी किंवा यादीसाठी जी स्वच्छता करावयाची, ती त्याच्या प्रतीवर करावी. मूळ मजकूर हा पुरावा आहे आणि पुराव्याला हात लावण्याचा अधिकार यंत्रास नाही.

रकान्यांचे दोन वर्ग करावेत. नाव, गाव, गट क्रमांक यांसारख्या एका ओळीच्या रकान्यांची प्रत तुलनेसाठी घेताना आरंभीच्या व शेवटच्या जागा काढाव्यात, मधल्या अनेक जागांची एक करावी, न तुटणारी जागा आणि टॅब यांना साधी जागा समजावे. तक्रार, निवेदन, हरकत यांसारख्या रकान्यांत परिच्छेद आणि ओळी यांना धक्का लावू नये. ओळतोडीच्या १३ व १० या जोडीची एकच खूण करून ती सर्वत्र वापरावी. दाखविताना प्रथम मजकुरातील धोकादायक चिन्हे निष्प्रभ करावीत, मग ओळी मांडाव्यात. हा क्रम उलटला, तर अर्जाच्या आडून घातक आज्ञा घुसविण्यास वाट मिळते. शेवटी, अर्ज सादर होण्यापूर्वी तो अधिकाऱ्यास जसा दिसणार आहे तसाच अर्जदारास दाखवावा. जुन्या काळी अर्ज लिहून झाल्यावर अर्जदारास वाचून दाखवीत आणि मगच त्याचा अंगठा घेत. ही त्याच रिवाजाची नवी आवृत्ती ठरेल.

गावपातळीवरील दक्षता

प्रणाली सुधारेपर्यंत गावातही काही गोष्टी करता येतात. सेवा केंद्रचालकाने भ्रमणध्वनीवरील संदेशातून किंवा छापील धारिकेतून उचललेला मजकूर चिकटविल्यावर तो एकदा अथपासून इतिपर्यंत वाचावा. मुद्द्यांना ‘मुद्दा १’, ‘मुद्दा २’ असे शब्दांनिशी क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी पूर्णविराम द्यावा, म्हणजे ओळी मोडल्या तरी मुद्दे एकमेकांत मिसळणार नाहीत. मागणी आरंभीच लिहावी. गट क्रमांकानंतर गावाचे नाव लिहावे, अंकानंतर लगेच ओळ तोडू नये. अर्जाची पोच उघडून त्यातील मजकूर कसा उमटला आहे, हे त्याच बैठकीत तपासावे.

शाळांतून विद्यार्थ्यांना टंकलेखन शिकविताना शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून लिहिण्याचा मराठीचा नियम, विरामचिन्हानंतर एक जागा सोडण्याची शिस्त आणि मांडणीसाठी जागेची कळ वारंवार न दाबण्याची सवय या तीन गोष्टी सहज रुजविता येतील. हीच मुले उद्या गावाचे अर्ज भरणार आहेत.

कार्ल्याच्या खडकावरील अक्षरे सलग असूनही त्यांचा अर्थ टिकला, कारण प्रत्येक पिढीत ती समजून वाचणारे कोणी ना कोणी निघाले. आजचा अर्ज प्रथम यंत्र वाचते आणि माणूस नंतर. त्यामुळे कचेरीपासून दूर राहणाऱ्या माणसाने आपल्या चौकटीत सोडलेली मोकळी जागाही त्याच्या म्हणण्याचाच भाग समजून सांभाळणे, हे लोकसेवेचे कर्तव्य ठरते.